शिंकताना, हसताना लघवी सुटणे आणि व्यायाम: मी सहा महिने उलटा करत होते

खारुताई
बरेच दिवस लिहू का नको, लिहू का नको चाललं होतं. विषय शूचा आहे. ज्यांना वाचायला कसंतरी होतं त्यांनी इथूनच मागे फिरावं, राग नाही.

वय ४१, दोन बाळंतपणं, दोन्ही नॉर्मल, धाकटा आता सात वर्षांचा. शिंक आली, खळखळून हसले, जिना भराभर उतरले की थोडी सुटते. पूर नाही येत, चमचाभर. पण चमचाभर पुरते हो. गेली चार वर्षं शिंक येणार असं वाटलं की मी आहे तिथे पायांची फुली करून उभी राहते, बघणाऱ्याला वाटत असेल ही बाई मधेच नाचाची पोज काय घेतेय. गडद रंगाच्याच पँट, बॅगेत कायम पॅड, घरातून निघताना दोनदा बाथरूम आणि मुलांनी ट्रॅम्पोलिनवर बोलावलं की माझी पाठ दुखते.

गेल्या वर्षी नेटवर वाचून केगेल, म्हणजे खालचे स्नायू आवळायचे-सोडायचे व्यायाम, सुरू केले. फोनवर अ‍ॅप घेतलं, टिंग वाजलं की आवळायचं, परत टिंग वाजलं की सोडायचं. सहा महिने इमानेइतबारे केलं. फरक शून्य, उलट थोडं वाढल्यासारखंच वाटत होतं. पहिल्या डॉक्टरांनी "दोन मुलं झाल्यावर व्हायचंच, पॅड वापरा" म्हणून बोळवण केली होती. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी लघवी तपासायला दिली, अंग खाली सरकलंय का ते बघितलं आणि पेल्विक फ्लोअरच्या (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या) फिजिओकडे पाठवलं. मला तोपर्यंत फिजिओ म्हणजे मान, गुडघे, कंबर एवढंच माहीत.

फिजिओने आधी पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. कधी सुटते, किती वेळा जातेस, पोट साफ होतं का, बाळ किती वजनाचं होतं, चिमटा लावला होता का, सगळं. मग विचारलं, आतून तपासलेलं चालेल का, नको असेल तर सरळ नाही म्हण, बाहेरूनही थोडंफार कळतं. मी हो म्हटलं. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून, अंगावर चादर, आणि हातमोजा घातलेलं तिचं एक बोट. म्हणाली, "आता कर बघू तुझा व्यायाम." मी सहा महिन्यांची सगळी पुण्याई पणाला लावली. ती म्हणते, "श्वास धरलास, ढुंगण आवळलंस, मांड्या आवळल्यास, पोट फुगवलंस, आणि जे आत घ्यायचं ते माझ्या बोटावर बाहेर ढकललंस."

म्हणजे रोज तीन वेळा मी शू सोडायची प्रॅक्टिस करत होते!! मला हसू फुटलं आणि हसताना... जाऊ दे.

मग तिने शिकवलं ते असं. गॅस अडवायचा असतो तसं मागून सुरू करायचं, तेच पुढे शूच्या जागेपर्यंत आणायचं आणि वर उचलायचं. नाडीची पिशवी कशी नाडी ओढली की तोंड मिटून वर येते, तसं. ढुंगण, मांड्या, जबडा सगळं ढिलं. तोंडाने मोठ्याने आकडे मोजायचे, आकडे येत असतील तर श्वास अडकलेला नाही. पहिल्या दिवशी माझी पिशवी तीन सेकंदात सुटत होती. म्हणून मला तीन सेकंद धर, सहा सेकंद सोड, असं सहा वेळा, दिवसातून तीनदा एवढंच दिलंय. आज चौथा आठवडा. अजून शिंकेला फरक नाही, पण आता आत काहीतरी हलतंय हे तरी कळतं.

कोणी हे पूर्ण केलंय का? किती दिवसांनी फरक पडला? आणि मधेच सोडावंसं वाटलं तेव्हा काय केलंत?

गुलबक्षी
छान लिहिलंस. मला हा त्रास नाही, पण विषय महत्त्वाचा आहे म्हणून वाचतेय. एका मैत्रिणीला लिंक पाठवते.

झिपरी
"नाचाची पोज" ला फुटले आणि मग लगेच पायाची फुली केली. अगदी अगदी!!

मला वाटायचं मी एकटीच. बहिणीला कधी बोलले नाही, नवऱ्याला नाही. आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर सुरकुत्या, पाळी, रजोनिवृत्ती, नवऱ्याचं घोरणं सगळं चालतं पण हा शब्द कोणी काढत नाही.

अवांतर: रिपोर्टवर "स्ट्रेस इनकॉन्टिनन्स" लिहिलेलं बघून मी नवऱ्याला सांगितलं होतं की मला टेन्शनमुळे होतंय, आणि त्याने मला आठ दिवस घरातलं काम करू दिलं नाही. नंतर कळलं तो स्ट्रेस म्हणजे पोटातला दाब. मी सांगितलं नाही त्याला.

तळटीप
मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून जरा सविस्तर. इथे कोणाचं निदान करता येणार नाही, ते आधीच सांगते.

खारुताई, तुमच्या बाबतीत झालं ते इतकं कॉमन आहे की लाज वाटायचं कारण नाही. १९९१ साली एक छोटा अभ्यास झाला होता, ४७ बायकांना थोडक्यात तोंडी सांगून केगेल करायला लावले आणि आतला दाब मोजला. जेमतेम निम्म्याजणींना नीट जमलं, आणि चौथा हिस्सा अशा पद्धतीने करत होता की त्याने गळती उलट वाढावी. नुसतं "आवळा" सांगितल्याचा हा परिणाम. ज्यांचं नाव या व्यायामाला लागलं ते अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगेल, त्यांनी १९४८ मध्ये लिहिलं तेव्हासुद्धा नुसतं तोंडी सांगून सोडून दिलं नव्हतं. बोटाने तपासायचं आणि दाब दाखवणारं एक यंत्र वापरायचं, म्हणजे बाईला स्वतःला दिसेल की स्नायू काम करतोय. पुढे नाव राहिलं आणि तपासणी गळून पडली.

हे स्नायू नक्की काय करतात ते बघा. पुढे जघनाचं हाड, मागे माकडहाड, या दोघांमध्ये स्नायूंचा एक झोळा ताणलेला असतो. त्याच्यावर मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय टेकलेले. खोकला आला की पोटातला दाब एकदम वाढतो आणि मूत्राशय दाबला जातो. झोळा वेळेत आणि जोरात वर आला तर मूत्रनळी बंद राहते, उशीर झाला किंवा झोळा सैल पडला तर थेंब सुटतात. म्हणून यात ताकद लागते आणि वेळसुद्धा साधावी लागते. आम्ही दोन्ही शिकवतो, हळू धरून ठेवायचे आकुंचन आणि झटकन आवळून सोडायचे.

वेळ साधायची युक्ती मात्र पहिल्या आठवड्यातच शिकता येते. शिंक, खोकला, उचलणं, उठणं, यांच्या क्षणभर आधी आवळायचं आणि ते संपेपर्यंत सोडायचं नाही. १९९८ च्या एका अभ्यासात सौम्य गळती असलेल्या वयस्क बायकांना हे एक आठवडा शिकवलं. मध्यम खोकल्याला गळणारी लघवी सरासरी ९८ टक्क्यांनी कमी झाली, जोरदार खोकल्याला ७३ टक्क्यांनी. स्नायू एका आठवड्यात वाढत नाही, त्यांना फक्त वेळ जमली. खारुताई, तुमच्या फिजिओने हे अजून शिकवलं नसेल तर विचारा, चौथा आठवडा आहे म्हणजे येईलच आता.

बुचकळ
सगळं ठीक, पण व्यायामाने खरंच बरं होतं का? माझ्या वहिनीचं ऑपरेशन झालं, मूत्रनळीखाली जाळीची पट्टी बसवली, दुसऱ्या दिवशी घरी. तीन महिने आवळत बसण्यापेक्षा ते बरं नाही का? हलके घ्या.

तळटीप
बुचकळ, प्रश्न रास्त आहे, हलकं नाही घेत.

आकडे दोन्ही बाजूंचे देते. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा २०१८ चा आढावा आहे, १४ देशांतल्या १,८१७ बायकांच्या ३१ चाचण्या. स्ट्रेस प्रकारात व्यायाम केलेल्यांपैकी ५६ टक्के बायकांनी उपचाराच्या शेवटी "बरं झालं" सांगितलं, काहीच न केलेल्यांपैकी ६ टक्क्यांनी. हे झालं व्यायामाच्या बाजूने. आता दुसरी बाजू. २०१३ मध्ये मध्यम ते जास्त गळती असलेल्या ४६० बायकांवर नेदरलँड्समध्ये चाचणी झाली, निम्म्यांना आधी फिजिओ, निम्म्यांना आधी पट्टीचं ऑपरेशन. वर्षभराने ऑपरेशनवाल्यांत साधारण ९१ टक्के म्हणाल्या सुधारणा आहे, फिजिओवाल्यांत ६४. आणि फिजिओवाल्यांतल्या जवळपास निम्म्या पुढे ऑपरेशनकडे वळल्या. म्हणजे गळती जास्त असेल तर ऑपरेशन जास्त खात्रीचं आहे, हे मी पेशंटला लपवत नाही.

तरीही आधी व्यायाम का? कारण त्याने नुकसान जवळजवळ होत नाही, आणि ज्यांचं तेवढ्यात भागतं त्यांचा चिरा आणि जाळी दोन्ही वाचतात. योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांच्या तक्रारींवरून इंग्लंडमध्ये २०१८ च्या जुलैत अशी ऑपरेशनं थांबवली होती. तुमच्या वहिनींना गुण आला हे छानच, बहुतेकींना येतोच, पण ज्यांना त्रास होतो त्यांचा त्रास काढून टाकणं सोपं नसतं. आणि एक, ऑपरेशन स्ट्रेस प्रकारासाठी आहे. घाईची लघवी, म्हणजे अचानक कळ येऊन धरवत नाही ती, असेल तर पट्टी बसवून काही उपयोग नाही.

बुचकळ
मान्य. ९१ आणि ६४ लक्षात ठेवतो. वहिनीला धाग्याचं सांगत नाही, ती म्हणेल माझी शू चर्चेला घेतली.

कोरा_कागद
हा माझा डुआयडी, म्हणजे दुसऱ्या नावाचं खातं आहे, उगाच शोधत बसू नका कोण ते.

माझं वेगळं आहे. हसताना, शिंकताना काही नाही. पण दिवसभर ठीक असते आणि घरी आले, किल्ली कुलपात घातली, की अशी कळ येते की दार उघडून बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत निम्मी वाटेतच. बिल्डिंगच्या खाली असताना काहीच नसतं हो! लिफ्टमध्ये पण नसतं. किल्लीचा आवाज आणि खलास. नळाचं पाणी वाजलं तरी तेच. मी आता किल्ली काढायच्या आधी बॅग जमिनीवर ठेवून, बूट काढून, पँटचं बटण सैल करून मग दार उघडते. शेजारच्यांनी एकदा बघितलं. काय समजले असतील देव जाणे.

दिवसात किती वेळा जाते मोजलं नाही, खूप. कुठेही गेलं की आधी बाथरूम कुठे आहे ते बघायचं. पाणी पिणं कमी केलंय. मला या व्यायामाचा उपयोग आहे का?

तळटीप
कोरा_कागद, तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की याला आमच्याकडे "किल्ली कुलपात" असंच म्हणतात. ही घाईची गळती, म्हणजे मूत्राशयाचा स्नायू वेळ नसताना आकुंचन पावतो. तुमच्या मेंदूने दार आणि बाथरूम यांची जोडी जमवून ठेवलीय.

उपयोग आहे, पण वापर वेगळा. कळ आली की पळायचं नाही. पळताना पोटावर दाब येतो आणि घाई आणखी वाढते. आहे तिथे थांबायचं, शक्य असेल तर बसायचं, आणि पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडायचं. पेल्विक फ्लोअर आवळला की मूत्राशयाला "आत्ता नाही" असा निरोप जातो. कळ लाटेसारखी असते, चढते, टोकाला जाते, उतरते. उतरल्यावर चालत जायचं. आणि बटण सैल करायची तयारी हळूहळू बंद करा, तीच मूत्राशयाला इशारा देते.

याच्या जोडीला मूत्राशयाचं प्रशिक्षण, कमीतकमी सहा आठवडे. आधी तीन दिवसांची डायरी लिहा, किती वाजता गेलात, मापाच्या भांड्यात किती मिली झाली, काय आणि किती प्यायलात, कुठे सुटली. साधारण निरोगी मूत्राशयात ४०० ते ६०० मिली मावते. डायरीत १००-१२० मिली दिसायला लागलं की कळेल तुम्ही भरायच्या आधीच जाताय. मग दोन खेपांतलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचं. "जाऊन येते, मग लागली तर" हे बंद.

पाणी कमी करू नका. घट्ट पिवळी लघवी मूत्राशयाला चावते आणि घाई वाढते, शिवाय बद्धकोष्ठ होतं आणि कुंथून झोळा आणखी सैल. चहा-कॉफी मात्र कमी करून बघा.

आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. लघवीत रक्त, जळजळ, ताप, लघवी अडकणं, किंवा मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा, यातलं काही असेल तर व्यायामाच्या धाग्यावर वेळ घालवू नका, डॉक्टर गाठा. बधिरपणा आणि लघवी अडकणं एकदम आलं तर त्याच दिवशी.

अर्धवट_विणकाम
बाळंत होऊन सहा आठवडे झालेत, टाके भरलेत. मला परत धावायला जायचंय, डोकं जाम झालंय घरात. मी रोज लघवी करताना मधेच थांबवून व्यायाम करते, एका व्हिडिओत सांगितलं होतं. जमतं बऱ्यापैकी. चालेल ना?

खारुताई
अगं बाई, अभिनंदन आधी! आणि तळटीप उत्तर देतीलच, पण माझ्या फिजिओने हे पहिल्याच दिवशी बंद करायला सांगितलं होतं.

तळटीप
हो, बंद करा. स्नायू कुठे आहे ते एकदा कळावं म्हणून करून बघायला हरकत नाही, पण रोजचा व्यायाम म्हणून नाही. लघवी होताना झोळा सैल राहायचा आणि मूत्राशय पूर्ण रिकामा व्हायचा हा क्रम ठरलेला आहे, त्यात रोज ढवळाढवळ केली तर मूत्राशय अर्धवट रिकामा राहायची सवय लागू शकते.

धावण्याचं थोडं थांबा. बाळंतपणानंतर साधारण तीन महिन्यांपर्यंत धावणं, उड्या नकोत असं सध्या सांगितलं जातं, आणि तीन महिने झाले म्हणून आपोआप परवानगी असंही नाही. योनीत जडपणा, काहीतरी खाली येतंय असं वाटणं, धावताना गळती, हे असेल तर आधी तपासून घ्या. चालणं मात्र आजच वाढवा. हळुवार आवळणं तुम्ही बरं वाटल्यापासून करू शकता, फक्त लघवी करताना नको.

बाकी कोणी सिझरवाल्या वाचत असाल तर त्यांना पण लागू. सिझरने धोका कमी होतो, जात नाही. नऊ महिने वजन तर झोळ्यानेच पेललेलं असतं.

निवांत
मी पुरुष आहे, पण आईसाठी विचारतोय. वय ६८. गेल्या वर्षापासून बाहेर यायचं टाळते. लग्नकार्य, प्रवास, सगळ्याला नाही. आम्हाला वाटायचं गुडघे. परवा बहिणीने सांगितलं की कारण हे आहे, आईने तिला पण शपथ घातली होती. आता मला माहीत आहे हे आईला माहीत नाही. या वयात व्यायाम करून काय होणार असं बहीण म्हणते. काय करू?

तळटीप
बहिणीला सांगा, वय आडवं येत नाही. २०२० मध्ये एक चाचणी आली, ६० आणि त्यापुढच्या ३६२ बायका, बारा आठवडे. अर्ध्या एकेकट्या शिकल्या, अर्ध्या गटात. वर्षभराने दोन्हीकडे गळतीचे प्रसंग सत्तर टक्क्यांच्या आसपास कमी झाले होते, गट कुठेही मागे पडला नाही. गटात आधी प्रत्येकीला एकदा वैयक्तिक शिकवलं होतं, ते महत्त्वाचं.

आईंच्या बाबतीत आधी डॉक्टर. पाळी गेल्यावर योनीची त्वचा कोरडी होते, तिथे लावायचं इस्ट्रोजेन क्रीम घाईसाठी मदत करतं. साखर तपासा, लघवी तपासा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती कधी घ्यायची ते विचारा. वजन जास्त असेल तर तेही. २००९ मध्ये ३३८ जास्त वजनाच्या बायकांचा अभ्यास झाला होता, सहा महिन्यांत सरासरी आठ टक्के वजन उतरवलेल्यांच्या आठवड्याच्या गळत्या ४७ टक्क्यांनी घटल्या, नुसती माहिती दिलेल्या गटात २८ टक्क्यांनी.

झिपरी
निवांत, तुम्ही काही बोलू नका आईशी. बहिणीलाच पुढे करा. नाहीतर आई त्या दिवसापासून गुडघ्याला पट्टा बांधून हिंडेल, पण फिजिओकडे जाणार नाही.

निवांत
हा हा. अगदी हेच करेल ती.

संध्या_सावली
एक वेगळा सूर लावते. मी दोन वर्षं जोरात केगेल केले, जिथे बसेन तिथे. सिग्नलला, मीटिंगमध्ये. त्रास वाढत गेला, संबंधांच्या वेळी दुखायला लागलं, लघवी सुरू व्हायला वेळ लागायचा. शेवटी फिजिओ म्हणाली, तुझा स्नायू कमजोर नाही, तो कधी सुटतच नाही. आवळलेली मूठ आणखी काय आवळणार? मला चार महिने फक्त सोडायला शिकवलं, पोटातून श्वास घ्यायचा आणि श्वास आत जाताना खाली सैल होऊ द्यायचं. आवळायचं काही नाही. तेव्हा कुठे मार्गी लागलं. म्हणून म्हणते, सगळ्यांनी आज रात्रीपासून शंभर-शंभर सुरू करू नका.

तळटीप
संध्या_सावली, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. दुखत असेल तर आवळायचं नाही. आवळण्याइतकंच सोडणं हाही व्यायामच, म्हणूनच खारुताईंना तीन सेकंद धर आणि सहा सेकंद सोड सांगितलंय.

झिपरी
ते आत घालायचे सेन्सरवाले यंत्र फोनला जोडतात आणि पक्षी उडवायचा गेम खेळायचा असतो, ते घ्यावं का? मला गेम आवडला.

तळटीप
आवडला तर घ्या, पण यंत्राने जादू होत नाही. २०२० मध्ये ६०० बायकांची चाचणी आली होती, एका गटाला फक्त शिकवलेला व्यायाम, दुसऱ्याला व्यायाम अधिक असं दाब दाखवणारं यंत्र. दोन वर्षांनी फरक काही नाही. ज्यांना स्नायू अजिबात सापडत नाही त्यांना सुरुवातीला आम्ही वापरतो. आणि पक्षी कुंथूनही उडू शकतो, तेवढं लक्षात असू द्या.

झिपरी
पक्षी कुंथूनही उडतो 😂 परत फुली.

खारुताई
सातव्या आठवड्याचा हिशेब. आता आठ सेकंद धरता येतं, आठ वेळा, दिवसातून तीनदा. (ब्रिटनच्या नाइस या उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये किमान एवढंच सांगितलंय, आठ आकुंचनं, तीन वेळा, कमीतकमी तीन महिने, आणि सुरू करायच्या आधी तपासून. फिजिओने दाखवलं.) झोपून करायचे ते बसून झाले, आता उभ्याने. उभ्याने केलं तर परत तीन सेकंदावर आले!! रडूच आलं. ती म्हणाली उभ्याने सगळं वजन वरून येतं, होणारच असं.

शिंकेच्या आधी आवळायचं पण शिकवलं. पहिले चार-पाच दिवस मी शिंक झाल्यावर आवळत होते. मग जरा जरा जमायला लागलं. परवा लागोपाठ तीन शिंका आल्या, पहिल्या दोन कोरड्या, तिसरीला हरले.

विसरते हा माझा मोठा प्रॉब्लेम. अलार्म लावला तर मीटिंगमध्ये वाजतो. म्हणून आता दात घासताना, दुपारी जेवल्यावर आणि रात्री दिवा बंद केल्यावर असं ठरवलंय. दात घासताना मोठ्याने मोजता येत नाही तो भाग वेगळा.

अर्धवट_विणकाम
मी पण दाखवून आले. थोडा जडपणा होता तो जरा अंग खाली सरकल्यामुळे निघाला. ऑपरेशन वगैरे काही नाही, व्यायाम आणि सध्या चालणं. धावायचे बूट कपाटावर टाकलेत, बघते रोज.

खारुताई
धागा वर काढतेय. आज बारा आठवडे पूर्ण.

डायरी काढून बघितली. सुरुवातीला आठवड्यात अकरा वेळा सुटत होती, गेल्या आठवड्यात दोनदा. पॅड बॅगेत आहे पण तीन आठवडे तेच पॅड आहे. फिजिओने परत तपासलं, पाचातली पकड आधी दोन होती, आता चार. सगळं संपलं नाही. ट्रॅम्पोलिनवर गेले होते मुलांबरोबर, दहा उड्यांपर्यंत ठीक, मग थेंब. पण मी गेले होते!! धाकटा म्हणाला, आई तुझी पाठ बरी झाली?

पुढे काय विचारलं तर म्हणे एकदम सोडायचं नाही, सोडलं तर स्नायू परत आळसावतो, निदान दिवसातून एकदा चालू ठेव.

निवांत
आई फिजिओकडे गेली. बहिणीबरोबर. आल्यावर मला सांगितलं की गुडघ्याच्या व्यायामाला जाते. मी म्हटलं छान. रात्री तिच्या खोलीतून आकडे मोजल्याचा आवाज येतो.

गुलबक्षी
वा खारुताई, निवांत! माझी पण बातमी देते. मी आता बूट न काढता दार उघडते. खाली बॅग ठेवायची नाही, किल्ली घालायची, कळ आली की तिथेच उभं राहून सहा वेळा झटपट, शेजारच्यांना काही दिसत नाही. काल तर किल्लीचा जुडगा दोन वेळा वाजवून बघितला मुद्दाम, काहीच नाही. दिवसाला चौदा खेपा होत्या त्या आठवर आल्या.

झिपरी
गुलबक्षी??? किल्ली?

गुलबक्षी
अरे देवा. लॉगिन बदलायचं राहिलं.

खारुताई
मला वाटलंच होतं. मैत्रिणीला लिंक पाठवलीस ना?

गुलबक्षी
पोचली तिला. राहू दे आता, डुआयडीचा पासवर्डही आठवत नाही. तळटीप, दोन खेपांतलं अंतर दोन तासांवर आलंय, पुढे अजून पंधरा मिनिटं वाढवू का एवढ्यावर थांबू?

तळटीप
दिवसाला आठ म्हणजे छान आहे. दोन-अडीच तास आरामात जात असतील तर घड्याळ बंद करा आणि विसरून जा.